खबरीतली शेवटची ओळ

आमच्या शाळेचं वर्ष शेणानं संपायचं. चैत्रात शाळा तपासणारे दिपोटीसाहेब परीक्षेला येणार असा सांगावा कोरेगावहून आला, की गुरुजी मुलांना पांढऱ्या मातीसाठी ओढ्याकडे पिटाळायचे आणि आम्हा मुलींना शेण गोळा करायला लावायचे. बिगरीपासून चौथीपर्यंतची शाळा एकाच लांबट खोलीत भरायची. साऱ्या इयत्ता मिळून मुली सहाच, तरी अख्खी खोली सारवायची आम्हीच, कारण मुलांना सारवता येत नाही असं ठरलेलं होतं. शिकवलं असतं तर आलं असतं; पण तेवढी तसदी कोण घेणार?

मला सारवायला आईनं शिकवलं होतं. हात एकाच बाजूनं फिरवायचा, मागं मागं सरकत यायचं आणि शेवटी दारातून बाहेर पडायचं, म्हणजे आपल्याच पायाचा ठसा राहत नाही. आईचं माहेर जतकडचं. तिकडं पाणी पैलतीरावर असल्यासारखं लांब, त्यामुळे सारवणाला पाणी किती घालायचं याचा तिचा हिशेब फार कडक होता. तिच्या बोलण्यात मधूनच कानडी यायचं. मला हाक मारताना ती 'बा इल्ली' म्हणायची, इकडे ये. गावातल्या बायका त्यावर हसायच्या. आई त्यांना तोंडावर उत्तर द्यायची. तोंडाळ म्हणून तिची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, लामावर, म्हणजे लढाईच्या मुलखात होते. लढाईची ती वर्षं. आमच्याकडे घरटी एखादा माणूस पलटणीत असायचाच. दादा रजेवर आले तो दिवस मला अजून दिसतो. आईनं सकाळीच सोपा सारवलेला, आणि हे पलटणीचे बूट घालून सरळ आत. इतक्या महिन्यांनी नवरा आलेला, पण आई म्हणाली, "लढाई करायची आसंल तर भाईर करा. बूट काडा आदी, मग आत या." दादा परत बाहेर गेले, पायरीवर बसले आणि हसत हसत नाड्या सोडू लागले. आबा, म्हणजे माझे आजोबा, खोकल्याचं निमित्त करून गोठ्याकडे गेले. सुनेसमोर हसायचं कसं!

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी मी चौथीत होते, आणि त्या वर्षी पौषात आई गेली. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी ती नव्हती.

दादांना कळवायचं नाही असं आबांनी ठरवलं. हे ऐकून आज कुणाला ते निर्दय वाटतील, म्हणून त्यांचं कारणही सांगते. आबा स्वतः आधीच्या मोठ्या लढाईत बसऱ्याला होते. तिथं त्यांना घरून एक कार्ड आलं, त्याचा कोपरा फाडलेला. मयताची बातमी असेल तर पत्राचा कोपरा फाडायचा, ही आपली रीत. असं पत्र घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. आबांना वाचता येत नव्हतं. पत्र वाचून दाखवणारा शिपाई दुसऱ्या ठाण्यावर गेलेला, तो दोन दिवसांनी आला. "दोन दिस त्ये कारड खिशात घिऊन हिंडलो," आबा सांगायचे. "कोन गेलं ते ठावं न्हाई. कवा आयला मारायचो, कवा बाला, कवा बायकूला. दोन दिसांत घरातलं समदं मानूस येकेकदा मेलं." शेवटी कळलं, त्यांची आई गेली होती. रजा मिळाली नाहीच. "माज्या लेकाला तसं हुयाला नगं. आल्यावर सांगू."

मग आबा ज्या ज्या घरचा माणूस लामावर होता त्या प्रत्येक घरी गेले आणि हात जोडून सांगून आले, की पत्रात आमच्या घरचं काही लिहू नका. गावानं ते पाळलं. इतकं पाळलं की माझ्यासमोरही कुणी आईचं नाव काढेना. मी विहिरीवर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. शाळेतल्या मुली मला आपल्या खेळात घ्यायच्या, पण भातुकलीत मला कधी आई करायच्या नाहीत आणि लेकही करायच्या नाहीत. काकी, म्हणजे माझी चुलती, मायेची होती, पण मी रडू लागले की ती पदरानं माझं तोंड पुसत म्हणायची, "गप, आबास्नी ऐकू जाईल." सगळ्यांनी मिळून एका चांगल्या हेतूनं माझी आई नाहीशी केली होती. त्या दिवसांत मला जितकं एकटं वाटलं, तितकं पुढं कधीच वाटलं नाही, आणि पुढं एकटेपणाचे प्रसंग काही थोडे आले नाहीत.

आमच्या घरची पत्रं मीच लिहायची. आबा सांगायचे, मी लिहायची. दादांच्या पत्रात सगळ्यांची चौकशी असायची, बैलांचीसुद्धा. पण बायकोची चौकशी वडिलांसमोर वाचल्या जाणाऱ्या पत्रात करायची पद्धत नव्हती. म्हणून ते शेवटी मला लिहायचे, 'तुझ्या आईला सांग', आणि मग जे काही असेल ते. त्याचं उत्तरही माझ्याच हातून जायचं. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ असायची: 'आई म्हणते'. आई ती ओळ चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता सांगायची. ती कधी गोड नसायची. 'आई म्हणते, उंटावर बसून काढलेला फोटो आला, उंट बरा आहे, तुम्ही वाळलाय.' 'आई म्हणते, तिकडं खजूर फुकट मिळतो म्हणून पोट बिघडवून घेऊ नका.' असलं सगळं.

आई गेल्यावर माघात जे पत्र गेलं त्यात ती ओळ नव्हती. आबा म्हणाले, जागा उरली न्हाई म्हन. जागा चांगली चार बोटं उरली होती. दादांचं उत्तर परीक्षेच्या आठवडाभर आधी आलं. नेहमीप्रमाणे सरकारी कात्रीनं त्यात एक खिडकी पाडली होती, गावाचं नाव असेल तिथं. बाकी पत्र धड होतं. शेवटी लिहिलं होतं, 'तुझी आई या खेपेला काहीच का बोलली नाही? रागावली आहे काय?'

मी ते मोठ्यानं वाचलं. काकीनं तोंडात पदर कोंबला. आबा म्हणाले, "शाळंची खबर जाईल न्हवं आता? त्येच्यात लिव दोन शबूद तिच्या नावचं. ती म्हनली आसती तसं."

शाळेची खबर म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचे गुरुजी आष्ट्याकडचे. गावचं पोस्टही त्यांच्याकडेच होतं. शाळेतल्या एका लाकडी पेटीत तिकिटं, शिक्का आणि टपालाची थैली. वर्षभर बायाबापड्या त्यांच्याकडून लामावरची पत्रं लिहून घ्यायच्या. त्याला कंटाळून म्हणा किंवा मुलांच्या हाताला वळण लागावं म्हणून म्हणा, त्यांनी एक प्रघात पाडला होता. वार्षिक परीक्षा झाली, निकाल लागला, की सुट्टी लागण्याआधीच्या दिवशी ते फळ्यावर शाळेची आणि गावाची वर्षाची खबर लिहायचे. चौथीच्या मुलांनी ती टाकानं कागदावर उतरवायची, लामावरच्या प्रत्येक माणसाला एक प्रत. आणि ज्याच्या घरचा माणूस त्यानं खाली आपल्या घरच्या दोन ओळी घालायच्या. गुरुजींना या खबरीचा भारी अभिमान. त्यात खोटं एक अक्षर चालायचं नाही. मागल्या वर्षी एकानं आपली म्हैस दोन्ही वेळा भरपूर दूध देते असं लिहिलं, तर गुरुजींनी त्याला म्हैस आटल्याचं लिहायला लावलं होतं.

दिपोटीसाहेब आले. सारवण अजून ओलं होतं, आणि ते बुटांसकट आत आले. आम्हा मुलींनी गाळलेला सगळा घाम त्यांच्या टाचांखाली उमटला. मला एकदम आईची आठवण झाली. ती असती तर दिपोटी म्हणून गय केली नसती. साहेबांनी मला नकाशावर सातारा दाखवायला सांगितलं. मी दाखवला. मग म्हणाले, "तुझे वडील कुठं आहेत?" मी मिसर, म्हणजे इजिप्त दाखवला. "शाबास! आणि आई?" त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! गुरुजींचा चेहरा उतरला. मी नकाशाकडे बघत राहिले, जसं काही आईही त्यात कुठंतरी सापडणार होती. "लाजते," साहेब म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. शाळेसमोरच्या लिंबाखाली गुरुजी वहीतून वाचत होते. साखर रेशनवर, म्हणून गुळाचा खडा आणि शेंगदाणे वाटले. नापास झालेल्यांनाही तेवढेच मिळाले, त्यामुळे त्यांचं फारसं काही बिघडलं नाही. मी चौथीत पहिली आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुळाचा खडा मी मुठीत धरून घरी नेला, कारण दरवर्षी तो मी आईला द्यायची. उंबऱ्यापाशी आल्यावर लक्षात आलं. मूठ उघडली तर गूळ पाघळून तळहाताला चिकटलेला. मी तो बैलाला चाटवला.

मग खबरीचा दिवस. गुरुजींनी धोतराचा सोगा खोचला आणि फळा वरपासून खालपर्यंत भरायला घेतला. शाळेत किती पास, किती नापास. भिंतीवरचा नकाशा उंदरांनी कुरतडला, हिंदुस्थान शाबूत आहे. वळीव दोनदा झाला. शाळू बरा पिकला. कुणाकडे लग्न झालं, कुणाची गाय व्यायली, देवळाच्या कळसाला चुना कधी लागला. मग त्यांनी लिहिलं, 'या वर्षी देवाघरी गेलेली माणसं.' त्याखाली तीन घरं आली. वरच्या आळीतला म्हातारा, सुताराची आई, मळ्यातलं एक तान्हं मूल. तिसऱ्यापाशी त्यांचा खडू थांबला. आबा आदल्या दिवशी त्यांच्याकडे येऊन गेले होते, ते मला माहीत होतं. गुरुजी त्यांना म्हणाले होते, "खोटं मी लिहिणार नाही. राहून गेलं तर राहून गेलं."

तेवढ्यात बिगरीच्या कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, "गुरुजी, हिची आय ऱ्हायली की लिवायची."

पाच-सहा वर्षांची पोर ती. तिला गावाचा ठराव कोण सांगणार? आई गेल्यापासून तिच्याबद्दल कुणी खरं बोललं असेल तर ती एकटी. गुरुजी ओरडले, "गप बस! पाढे म्हण." ती रडू लागली आणि रडत रडत बे एके बे म्हणू लागली. गुरुजींनी फळ्यावर पुढची ओळ लिहिली, ओढ्याला यंदा पाणी टिकलं आहे अशी.

माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून पहिली प्रत माझी. मग मी दादांची प्रत केली. वळणदार अक्षरात, समास सोडून, गावच्या मेलेल्या माणसांची यादी मी दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या घरापाशी थांबले. खाली आबांनी सांगितलेलं लिहिलं: आबा बरे आहेत, बैल बरे आहेत, काळजी नसावी. मग शेवटची ओळ आली. 'आई म्हणते' एवढं लिहून मी टाक दौतीत बुडवला. काय म्हणते? आई काय म्हणाली असती? मला काही सुचेना. तिचा आवाजच आठवेना. चार महिन्यांत कुणी तिचा विषय काढू दिला नव्हता, तर तो आवाज तरी माझ्याजवळ कसा राहणार? मी घाबरले. शेवटी पुस्तकातल्या धड्यातल्यासारखं लिहिलं, 'आई म्हणते, जिवाला जपून राहावे.'

गुरुजींनी प्रती तपासल्या. माझ्या प्रतीवर ते जास्त वेळ थांबले, मग ती बाकीच्या प्रतींवर ठेवली. पाकिटं करायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं आणि ते शिक्क्याची शाई बघायला पेटीकडे वळले. मी एकेक कागद दुमडत होते. दादांचा कागद हातात आला, तेव्हा मी त्याचा वरचा उजवा कोपरा नखाएवढा फाडला.

का फाडला? पुढं कैक वर्षं मी स्वतःला हे विचारत आले. दादांना कळावं असं तेव्हा मनात होतं का, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. फळ्यावर सुताराची आई आली, तान्हं मूल आलं, उंदरांनी खाल्लेला नकाशासुद्धा आला. माझ्या आईला कुठंच जागा नव्हती. ती कुठंतरी असावी, एवढंच मला वाटलं. फाडलेला तुकडा कुणाला दिसू नये म्हणून मी तोंडात टाकला आणि गिळला. पाकीट चिकटवलं. गुरुजींनी शिक्का मारला आणि टपालवाला थैली घेऊन कोरेगावच्या रस्त्याला लागला.

संध्याकाळी बैलांना वैरण टाकताना आबांनी विचारलं, "लिवलंस न्हवं तिच्या नावचं?"

"व्हय."

"बरं केलंस. न्हाईतर त्येच्या डोक्यात घोळत ऱ्हायलं आसतं. म्या भोगलंय त्ये, दोन दिस." आणि त्यांनी बसऱ्याची गोष्ट पुन्हा सांगितली.

त्या गोष्टीच्या मध्यावर माझ्या ध्यानात आलं. आबांच्या कार्डात निदान कोण गेलं ते लिहिलं होतं, दोन दिवसांनी का होईना, ते कळलं. दादांना मी फाटका कोपरा पाठवला होता आणि आत त्यांच्या घरचं कुणीच मेलेलं नव्हतं. ते वाचणार, पुन्हा वाचणार, आणि घरातला एकेक माणूस मारत बसणार. दोन दिवस नाही, पुढचं पत्र पोचेपर्यंत. आबांना जे टाळायचं होतं, तेच मी दामदुपटीनं केलं होतं. सकाळी उजाडताच मी गुरुजींच्या दारात गेले, पण काय सांगणार? "सुट्टी लागली की गं," ते म्हणाले. मी परत फिरले. कुणालाच सांगितलं नाही.

ती सुट्टी माझी पुढं संपलीच नाही. गुरुजींना मला पाचवीसाठी कोरेगावला घालायचं होतं. काकी म्हणाली, "मग घर कुनी बघायचं?" तिचंही चूक नव्हतं. जूनमध्ये शाळेची घंटा झाली, पोरं पळत गेली, आणि मी दारातून बघत राहिले. टपालाच्या दिवशी मात्र मी शाळेच्या दाराशी जाऊन उभी राहायची. गुरुजी आतूनच मान हलवायचे. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. आबा म्हणायचे, जहाजं बंद असतील. मला पक्कं वाटायला लागलं होतं की फाटका कोपरा बघून दादांनी जिवाचं काहीतरी करून घेतलं. आई तापानं गेली, दादा माझ्यामुळे गेले, असा हिशेब मी मनाशी करून बसले होते. वय वर्षं दहा!

श्रावणात पत्र आलं. गुरुजींनी ते हात वर करून लांबूनच दाखवलं. मी तिथंच पायरीवर बसून वाचलं. खबर मिळाली, चौथी पास झालीस, आनंद वाटला. हिंदुस्थान शाबूत आहे हे वाचून इथं सगळे हसले. बैलांना जपा. आणि शेवटी, 'तुझ्या आईला सांग, मी ठीक आहे. ती काय म्हणते ते लिहीत जा. दर पत्रात लिहीत जा.'

कोपऱ्याबद्दल एक शब्द नाही. म्हणजे दादांनी तो सरकारी कात्रीचा प्रताप समजला असणार. मला हायसं वाटलं. आणि त्याच पायरीवर, पत्र हातात असताना, मला इतकं वाईट वाटलं की उठवेना. आई गेल्याचं खरं खरं दुःख करणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

मग मी लिहू लागले. दर पत्रात 'आई म्हणते.' आधी जमायचं नाही. मग मी एक युक्ती केली. ओळ लिहायच्या आधी सोपा सारवायला घ्यायचा, आईनं शिकवला तसा, मागं मागं सरकत. दारापर्यंत येईतो तिचं काहीतरी आठवायचंच. कशी चिडायची, कशाला नाक मुरडायची, बैलाशी कानडीत काय बोलायची. हळूहळू तिचा आवाज परत यायला लागला. 'आई म्हणते, आबांना चष्मा लागला आहे, आता त्यांना आमटीतले खडे दिसतात, माझी धडगत नाही.' 'आई म्हणते, पलटणीत एवढी माणसं, एकाला पण बटण लावता येत नाही का?' खोटं लिहिण्याचा मला गुन्हेगारासारखा धाक वाटायचा. पण महिन्याभरात आईशी बोलायला मला तेवढीच एक ओळ होती. दादा तिला उत्तर द्यायचे. बटण स्वतः लावलं, म्हणायचे; सांग तिला. सांगणार कुणाला? मी भिंतीला सांगायची.

अशी दोन वर्षं गेली. त्यात लढाई संपली, तरी पलटण सुटायला आणखी बरेच महिने लागले. दादा आले तोही चैत्रच होता. शाळेला पांढरी माती लावण्याचं काम चाललं होतं, आणि पोरं बादल्या टाकून "फौजी आला, फौजी आला" करत त्यांच्यामागं आमच्या दारापर्यंत आली. कोरेगावच्या स्टेशनापासून ते चालत आले होते. डोक्यावरचे केस निम्मे पांढरे. खांद्यावर पत्र्याची पेटी. ते तसेच बुटांसकट सोप्यात आले आणि पेटी खाली ठेवून भिंतीला टेकून बसले.

आबांनी पंधरा दिवस घोकलेलं होतं, कसं सांगायचं ते. ते समोर बसले, टोपी काढली, परत घातली. "लेका, येक सांगायचं ऱ्हायलंय," म्हणाले, आणि परत टोपीला हात घातला.

"आबा, आदी ही घ्या," दादा म्हणाले आणि त्यांनी पेटी उघडली. आबांना घोंगडीसारखी जाड लोकरी शाल. काकीला लुगडं. चुलत्याला वस्तऱ्याची डबी. मला झरणी, म्हणजे शाईचं पेन, काळी, सोनेरी टोपणाची. मग त्यांनी पेटी मिटली.

आईला काही नव्हतं. उंटावरचा फोटो पाठवणाऱ्या, रजेवर येताना तिच्यासाठी काकणं आणून ती माझ्या हातात देणाऱ्या माणसानं तिच्यासाठी एक कापडाचा तुकडाही आणला नव्हता. काकीच्या ते आधी ध्यानात आलं. ती लुगडं तोंडाशी धरून आत पळाली. आबा मिटलेल्या पेटीकडे बघत राहिले. मग उठले, म्हणाले, "बैलांस्नी पानी दावतो," आणि गेले. उन्हाच्या वेळी बैलांना पाणी कोण दाखवतं?

सोप्यात आम्ही दोघंच उरलो. मी विचारलं, "दादा, तुमाला कवा कळलं?"

"तुजी खबर आली तवाच. कोपरा फाटल्याला हुता."

"पन आत तर लिवलं न्हवतं."

"शेवटी हुतं की लिवल्यालं. जिवाला जपून राहावे." त्यांनी तो पुस्तकी शब्द तसाच्या तसा उच्चारला आणि किंचित हसले. "तुजी आय असं कवा बोलली हुती गं?"

मला रडूही येईना. दोन वर्षं मी ज्याला फसवत होते, तो पहिल्या दिवसापासून सगळं जाणून होता. मला राग आला. खरंच, आधी रागच आला. "मग दर येळी का इचारत हुता, आई काय म्हनती म्हनून?"

दादांनी माझ्या हातातली झरणी घेतली, टोपण काढलं, परत लावलं. "तू लिवत हुतीस म्हनून. न इचारतो तर तू थांबली आसतीस. मग तिकडं माज्याशी कोन बोललं आसतं?" झरणी त्यांनी माझ्या हातात परत ठेवली. "पयल्यांदा तुला जमलं न्हाई. पन मागनं, पोरी, ती लय ब्येस बोलाय लागली."

तेव्हा मी रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं, आबांना ऐकू जाईल असं. दादांनी मला गप केलं नाही. तेही रडत होते, पण त्यांना आवाज काढून रडता येत नव्हतं, पलटणीत ती सवय मोडली असावी. आत काकी रडत होती. दारातली पोरं बिचकून शाळेकडे पळाली.

बऱ्याच वेळानं दादांनी तोंड पुसलं. शाळेतून गुरुजींचा आवाज येत होता, ते कुणाला तरी माती पातळ कालवली म्हणून झापत होते. दादांनी माझ्याकडे न बघता, आई चुलीपाशी बसून बोलायची तसं, भिंतीकडे बघत विचारलं, "मग? आज काय म्हनती तुजी आय?"

सोपा मी सकाळीच सारवला होता. उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत त्यांच्या बुटांचे ठसे उमटले होते.

"आई म्हनती," मी म्हणाले, "लढाई करायची आसंल तर भाईर करा. बूट काडा आदी, मग आत या."

दादा उठले, बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि नाड्या सोडू लागले.